तेवीस नावांचा सातबारा

सोमवार, 24 मार्च 2025 : भाऊचा धक्का, चरी, अलिबाग

राजापूर तालुक्यातील आमच्या वडिलोपार्जित जमिनीच्या सातबारावर आज तेवीस नावे आहेत आणि त्या जमिनीत प्रत्यक्ष राबणारी व्यक्ती एकच आहे, ती म्हणजे माझी वहिनी. थोरला चुलतभाऊ, ज्याला आम्ही सगळे दादा म्हणत असू, दोन वर्षांपूर्वी गेला. गेल्या दिवाळीत वहिनीचा फोन आला, "भावजी, एकदाचे वाटप तरी करून घ्या. दर कामाला संमतीसाठी मी किती जणांच्या दारात उभी राहू?" महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 मधील कलम 85 प्रमाणे सर्व सहधारकांची संमती असेल तर तहसीलदार वाटपाचा आदेश काढतात. चार महिन्यांत मुंबई, ठाणे आणि डोंबिवली पालथी घालून मी चौदा सह्या मिळवल्या. माझी सही मात्र अजून मीच केलेली नव्हती.

कोकण रेल्वेने एका रात्रीत गावी पोहोचता आले असते. परंतु एका बँकेत एकतीस वर्षे शेतीकर्जाचे काम केल्यामुळे किनाऱ्यावरच्या अनेक गावांत ओळखी आहेत आणि निवृत्तीनंतर त्यांची भेट घ्यायची राहून गेली होती, म्हणून बंदरे आणि तरी (खाडी ओलांडणाऱ्या बोटी) गाठत खाली उतरायचे ठरवले. रो-रो बोटीने तासाभरात मांडव्याला पोहोचलो. जमिनीची किंमत तिच्या पिकावरून ठरण्याचे दिवस या बाजूला केव्हाच सरले आहेत. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बंगल्यांच्या उंच भिंती आहेत आणि दोन भिंतींच्या मधे एखादा भाताचा कोपरा असा अडकला आहे की त्यात नांगर न्यायला वाट उरलेली नाही.

पोयनाडच्या बाजूला चरी गावात थोडा थांबलो. 1933 साली या परिसरातील कुळांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली खोतांची, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांची, जमीन न कसण्याचा निर्णय घेतला आणि उपासमार सोसून तो 1939 पर्यंत पाळला. पुढे 1949 च्या कायद्याने खोती गेली आणि कूळकायद्याखाली 1 एप्रिल 1957 हा कृषक दिन धरून कसणारा कूळ मालक मानला गेला. ज्यांनी सहा वर्षे संप केला त्यांना आपले नाव कागदावर हवे होते, कारण नावाशिवाय हक्क नव्हता. त्यांची नातवंडे आता त्याच कागदावर एकमेकांच्या सह्यांसाठी खोळंबलेली आहेत. चरीत ज्यांच्या ओटीवर चहा घेतला, त्यांच्या सातबारावर एकतीस नावे निघाली. आमचे तेवीस ऐकून ते म्हणाले, "मग तुमचे बरे आहे."

दुपारी धरमतर खाडीच्या काठी शहापूर-धेरंडच्या खारपाटात, म्हणजे खाडीलगतच्या खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यात, गेलो. इथली भातशेती समुद्राच्या पातळीशी रोज तडजोड करून उभी असते. मातीचा बांध उधाणाचे पाणी अडवतो, बांधातील उघाडी, म्हणजे पाणी सोडायचे दार, भरतीच्या दाबाने आपोआप मिटते आणि ओहोटीला उघडून शेतातले पाणी खाडीत सोडते. बांधाला खांड गेली आणि ती वेळेवर बुजवली नाही, की खारे पाणी शेतात शिरते, मीठ धुऊन निघायला दोन-तीन पावसाळे जावे लागतात आणि तोवर तिथे तिवरे (खारफुटीची झाडे) रुजतात. एकदा कांदळवन उभे राहिले की त्याला कायद्याचे संरक्षण मिळते, ते तोडता येत नाही आणि शेत कागदावर शेत राहूनही प्रत्यक्षात खाडी होते. माझ्या एका जुन्या खातेदाराची निम्मी जमीन अशीच गेली आहे. पूर्वी खांड पडली की गावातील प्रत्येक घरातून एक माणूस पेंढा आणि फावडे घेऊन बाहेर पडत असे. "आता प्रत्येक घरातून एक माणूस म्हटले तर बांधावर पाच म्हातारे जमतील," ते म्हणाले. त्यांचे घर सध्या भातावर कमी आणि शेततळ्यातील जिताडा माशावर अधिक चालते.

संध्याकाळी अलिबागजवळ पांढऱ्या कांद्याच्या माळा विणताना पाहिल्या. भात निघाल्यावर जमिनीतील ओलीवर घेतल्या जाणाऱ्या या कांद्याला 2022 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. अंगणात बसलेल्या दोघी जणी अर्धवट सुकलेली पात तीन पेडांत धरून वेणीसारखी घालत होत्या आणि प्रत्येक पेडाबरोबर एक नवा कांदा आत घेत होत्या. हात क्षणभरही थांबत नव्हते. त्यांतील थोरलीने सांगितले की काढणीला मजूर लावला तर मजुरी हिशेबात धरली जाते, पण विणायला घरच्याच बायका बसतात आणि त्यांच्या रात्री कोणी मोजत नाही. बँकेत आम्ही पीककर्जाची मर्यादा ठरवताना बियाणे, खत, मजुरी असे रकाने भरत असू. घरच्या बाईच्या रात्रीसाठी रकाना नव्हता, हे त्या अंगणात पहिल्यांदाच खटकले.

मंगळवार, 25 मार्च : मुरूड, आगरदांडा, दिवेआगर, श्रीवर्धन

आगरदांड्याहून बोटीने दिघी गाठली आणि तेथून दिवेआगर. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ याच पट्ट्यात किनाऱ्यावर आले. त्यानंतर पहिल्यांदाच येत होतो. पूर्वी या गावांतून जाताना माड-पोफळींच्या सावलीमुळे भर दुपारी डोळ्यांना गारवा वाटत असे. आता वाड्यांच्या, म्हणजे नारळी-पोफळीच्या बागांच्या, मधे आभाळाची मोठमोठी खिंडारे दिसतात. नवी पोफळ लावली तरी फळावर यायला पाच-सात वर्षे लागतात, म्हणजे वादळानंतर लगेच लावलेली रोपे कुठे आता पोसवू लागली आहेत. श्रीवर्धनची रोठा सुपारी टपोरी आणि पांढऱ्या गराची म्हणून बाजारात ओळखली जाते. पण ज्या घराचे आगरच आडवे झाले त्याला त्या ओळखीचा पाच-सात वर्षे काही उपयोग नसतो.

श्रीवर्धनला एका वाडीवाल्यांकडे मुक्काम केला. त्यांनी नुकसानभरपाईचा जो हिशेब समजावला, तो मुद्दाम लिहून ठेवतो. वादळानंतर फळबागांसाठी शासनाने हेक्टरी 50 हजार रुपये जाहीर केले. हा आकडा वर्तमानपत्रात वाचताना भरीव वाटतो. परंतु येथील वाडी हेक्टरात मोजली जात नाही, ती गुंठ्यांत असते. शंभर गुंठ्यांचा हेक्टर धरला तर दहा गुंठ्यांच्या वाडीला पाच हजार रुपये येतात. दहा गुंठ्यांत नारळ, पोफळ, केळ, जायफळ, वर चढवलेली मिरी आणि खाली लावलेला पानवेल असा पाच मजली संसार असतो, घराचा वर्षाचा रोख पैसा त्यातून निघतो, आणि पडलेली झाडे तोडून वाडीबाहेर काढायलाच पाच हजारांहून अधिक खर्च येतो. झाडांच्या संख्येवर मदत द्यावी, ही मागणी त्याचमुळे पुढे आली.

"आणि ते पाच हजार तरी कुणाच्या हाती?" यजमानांनी विचारले. सातबारा सामायिक असल्यामुळे एकाच्या खात्यात रक्कम जमा करण्यासाठी बाकीच्यांचे संमतिपत्र हवे होते. टाळेबंदीचे दिवस, एक भाऊ मुंबईत, एक बहीण सुरतेला. यांनी अखेर आपल्या हिश्श्यापुरते पैसे घेतले आणि सगळी वाडी मात्र एकट्याने साफ केली. रात्री काकूंनी आडकित्त्याने सुपारी कातरून पुढे ठेवली आणि म्हणाल्या, "हिश्श्याला सगळे असतात हो, शिंपण्याला मीच."

त्या वाक्यावर मी गप्प बसलो. नोकरीत असताना अशा सामायिक सातबाऱ्याच्या किती अर्जांवर "सहहिस्सेदारांचे संमतिपत्र जोडावे" असा शेरा मारून मी ते परत केले असतील, त्याची गणतीच नाही. नियम तसाच होता आणि आजही आहे. पण तो शेरा लिहायला मला अर्धे मिनिट लागत असे आणि तो पुरा करायला समोरच्या माणसाला कधीकधी अर्धे आयुष्य पुरत नसे.

बुधवार, 26 मार्च : बागमांडला, केळशी, दापोली

बागमांडल्याहून तरीने सावित्रीची खाडी ओलांडून वेसवीला उतरलो आणि केळशीमार्गे दापोलीकडे निघालो. वाटेत एका उतारावर भाजावळ चालू होती. वर्षभर जमवलेले शेण, त्यावर तोडून वाळवलेली कवळ (झाडांच्या पानांसकट फांद्या), मग पातेरा आणि सर्वांत वर मातीचा पातळ थर, अशी थप्पी रचून ती वाऱ्याच्या उलट बाजूने पेटवायची, म्हणजे आग सावकाश सरकते आणि जमीन नीट भाजते. अशा भाजलेल्या जागेला राब म्हणतात, याच राबात पुढे रोहिणीच्या सुमारास भात पेरतात. राबामुळे झाडांची तोड होते म्हणून शेतीतज्ज्ञांचा त्याला विरोध आहे आणि तो चुकीचा नाही. पण तिथे काम करणारे आजोबा म्हणाले की राब न भाजता रोपे केली तर तण बेसुमार येते आणि ते काढायला माणूस मिळत नाही. पंच्याहत्तरीचे आजोबा आणि त्यांची पत्नी, दोघेच होते. मुलगा कांदिवलीला रिक्षा चालवतो, शिमग्याला येऊन गेला.

त्यांच्याशी भाताचा हिशेब मांडला. 2024-25 च्या खरिपासाठी साधारण भाताचा हमीभाव क्विंटलला 2300 रुपये होता, परंतु ते भात विकतच नाहीत. पिकते ते घरात आणि मुलाच्या घरी जाते. पॉवर टिलरचे तासाचे भाडे, लावणीच्या बायकांची मजुरी आणि खत मिळून जो खर्च होतो, त्यात बाजारातून तितकाच तांदूळ आणून वर पैसे उरतील, हे ते स्वतःच सांगतात. मग करता कशाला, असे विचारल्यावर आजी म्हणाल्या, "पड टाकली तर माकडे घरापर्यंत येतील." हे उत्तर मला अपेक्षित नव्हते, पण ते शब्दशः खरे आहे. या भागात वरकस, म्हणजे डोंगरउताराच्या हलक्या, जमिनीवरची नाचणी, वरी, कुळीथ आणि भुईमूग माकडांनी व रानडुकरांनी जवळजवळ सोडायला लावले. एका शेतकऱ्याने जमीन पडीक टाकली की तिथे झाडोरा माजतो, जनावरे एक बांध पुढे सरकतात आणि शेजारच्याचे राखण दुप्पट होते. शेजारी चार घरे बंद असतील तर पाचव्याला शेती करणे शक्यच राहत नाही, मग त्याची जिद्द कितीही असो.

दापोलीत कृषी विद्यापीठात काम केलेल्या एका स्नेह्यांकडे जेवण झाले. 18 मे 1972 रोजी स्थापन झालेल्या या विद्यापीठाने भाताच्या कितीतरी जाती दिल्या, रत्ना आणि सिंधू हे आंबे दिले, काजूच्या वेंगुर्ला जातींनी डोंगर भरून टाकले. 1990 पासून रोजगार हमीतून शंभर टक्के अनुदानावर झालेली फळबाग लागवड हीसुद्धा कोकणाच्या अलीकडच्या इतिहासातली मोठी घटना आहे. स्नेही हसत म्हणाले, "जात सुधारली, कलम सुधारले, आता हिस्सेदार सुधारणारे वाण तेवढे काढायचे राहिले."

गुरुवार, 27 मार्च : दाभोळ ते रत्नागिरी

दाभोळहून धोपावे, गुहागरचा किनारा, तवसाळहून जयगड अशा दोन तरी आणि बाकीचा सारा रस्ता. दिवसभर बंद घरे मोजत आलो आणि चाळीसनंतर नाद सोडला. 2001 च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या 16 लाख 96 हजारांच्या वर होती, 2011 मध्ये ती 16 लाख 15 हजारांवर आली. देशाची लोकसंख्या वाढत असताना इथली घटली, आणि दर हजार पुरुषांमागे स्त्रियांची संख्या 1122 भरली. हा आकडा पाहून कोणी मुलींच्या सन्मानाचे दाखले देऊ नयेत, पुरुष मुंबईला गेले आहेत एवढाच त्याचा अर्थ आहे.

शुक्रवार, 28 मार्च : गाव

सकाळी वहिनीला घेऊन थेट एका सरकारी कार्यालयात गेलो. कारकुनाने कागद शांतपणे चाळले आणि सांगितले की उरलेल्या सहा नावांपैकी दोन व्यक्ती मयत आहेत, आधी त्यांची वारसनोंद करा. एकाचे वारस तीन, दुसऱ्याचे पाच. म्हणजे मी सह्या जमवत फिरत होतो तेवढ्यात तेवीसची एकोणतीस नावे झाली होती. एका शाईच्या ठशापायी वहिनीला याच दारात यापूर्वी चार वेळा यावे लागले आहे. दादा गेल्यावर पीएम किसानचा दोन हजारांचा हप्ता थांबला आणि तो वारसाच्या नावाने सुरू होण्यासाठी तिचे नाव आधी सातबारावर चढणे आवश्यक होते. तोपर्यंत चौतीस वर्षे शेतात राबलेली ही बाई सातबाराच्या हिशेबाने शेतकरी नव्हती. माहेरच्या जमिनीवर तिचा हक्क होता, पण तो तिने एका साडीवर सोडून दिला होता. महाराष्ट्रात 1994 पासून आणि देशभर 2005 पासून मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांइतका वाटा आहे. तरी हक्कसोडपत्रावर सही करणारी बहीण चांगली आणि न करणारी वाईट, हा गावाचा कायदा अजून चालू आहे.

शनिवार, 29 मार्च : बाग

पहाटे साडेपाचला वहिनी, नेपाळी गडी आणि मी बागेत होतो. दिवाळीच्या सुमारास येऊन पावसाच्या तोंडावर परत जाणाऱ्या या नेपाळी कामगारांवर रत्नागिरीच्या बागा चालतात. गावातला तरुण मुंबईला राखणदारी करतो आणि त्याच्या गावची राखण नेपाळचा तरुण करतो. गडी लांब घळ, म्हणजे टोकाला जाळे बांधलेली काठी, घेऊन झाडावर चढला. फळ देठासकट, चिक अंगावर न पडता जाळ्यात यायला हवे, नाहीतर पिकल्यावर सालीवर काळा डाग उठतो. वहिनीने प्रत्येक फळ तळहातावर तोलून चार ढीग केले. तिला काटा लागत नाही. मी गंमत म्हणून दोन फळे वजन करून पाहिली, तिच्या ढिगांत चूक नव्हती.

मग आंबे पिकवायची आढी लावली. खाली भाताचा पेंढा, त्यावर आंबे, वर पुन्हा पेंढा. पेंढा बाहेरून विकत घ्यावा लागू नये म्हणून ती अजून अर्धा एकर भात करते आणि त्यासाठीच एक गाय ठेवली आहे, की गायीसाठी भात करते, हे तिलाही नीट सांगता येईना. एक धागा सोडला तर सगळे विणकाम सुटते, एवढे मात्र तिने सांगितले.

आंब्याचा पैसा पाहायला गेले तर डिसेंबरमध्ये सुरू होतो आणि तो उलट्या दिशेने वाहतो. मोहोर आल्यापासून तुडतुडे आणि फुलकिड्यांसाठी पाच-सहा फवारण्या, त्यांच्या औषधांसाठी वाशीच्या बाजारातील पेढीकडून उचल, आणि उचल घेतली की माल त्याच पेढीला. 2016 मध्ये फळे-भाजीपाला नियमनमुक्त झाला, कुणालाही विकण्याची मुभा मिळाली. पण ज्याच्याकडून औषधाचे पैसे घेतले त्याला सोडून जाण्याची मुभा कायदा देऊ शकत नाही. पेटी गेल्यावर चार-पाच दिवसांनी पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, येते आणि तेव्हा भाव कळतो. भाडे, हमाली, उचलीची वजावट असे एकेक खाली उतरत शेवटची ओळ येते. गेल्या हंगामाच्या पट्ट्या वहिनीने खताच्या पिशवीत घालून आढ्याला टांगून ठेवल्या आहेत. काजूचेही तेच आहे : वेंगुर्ल्याच्या काजूला मानांकन मिळाले, आणि 2018 मध्ये कच्च्या काजूवरील आयात शुल्क 5 टक्क्यांवरून 2.5 टक्क्यांवर आले. कारखान्यांना आफ्रिकेतील बी लागते हे खरे, पण त्यामुळे इथल्या बीचा दर कुणी ठरवायचा हेही ठरून गेले.

दुपारी पुतण्याबद्दल विषय निघाला. 2020 च्या टाळेबंदीत तो गावी आला, दोन वर्षे उत्तम बाग केली, बापाला न जमलेल्या मुंबईतील थेट विक्रीत शंभरावर गिऱ्हाइके जोडली. मग तीन स्थळे आली आणि "मुलगा काय करतो" या प्रश्नावर तिन्ही परत गेली. आता तो तळोज्याला एका कारखान्यात बागेपेक्षा कमी पैशांवर काम करतो आणि त्याचे लग्न ठरले आहे. "मुलीकडच्यांना दोष कसा देऊ?" वहिनी म्हणाली. "माझ्या पोरीला मीसुद्धा शेतकऱ्याच्या घरी दिली नाही."

रविवार, 30 मार्च : गुढीपाडवा

गुढी उभारल्यावर ओटीवर कागद काढले. डोंबिवलीच्या चुलतभावाने सही नाकारताना जे सांगितले होते ते मी वहिनीला सांगितले : त्याला एक आंबाही नको आहे, पण सातबारावर नाव असेल तरच तो शेतकरी ठरतो आणि उद्या कुठे शेतजमीन घ्यायची झाली तर शेतकरी असल्याचा पुरावा लागतो. शिवाय गावाशी असलेले नाते म्हणजे ते नाव, तेही पुसायचे का? वहिनीने त्याला वाईट म्हटले नाही. तिने फक्त विचारले, "आणि तुमचे काय, भावजी?"

चार महिने माझी सही का राहिली, याचे उत्तर डोंबिवलीच्या भावाच्या उत्तराहून वेगळे नव्हते, हे मला किनाऱ्याच्या या वाटेवर कधीतरी कळून चुकले होते. मी पेन काढले आणि सतराव्या ओळीत सही केली. सोळावी तिची आणि पंधरावी पुतण्याची होती. तिने शाई वाळेपर्यंत कागद धरून ठेवला, मग आतून एक वही आणून माझ्यापुढे ठेवली आणि उरलेल्या चौघांचे आणि नव्या आठ वारसांचे फोन नंबर मोठ्या अक्षरांत, एका ओळीत एक असे लिहून द्यायला सांगितले, कारण चष्म्याचा नंबर वाढला आहे. दोन नंबर माझ्याकडे नव्हते. ते मुंबईला गेल्यावर विचारून कळवतो म्हणालो, तेव्हा तिने त्या दोन ओळी मोकळ्या ठेवायला लावल्या.